माडीच्या फळ्या: दर दोन पावसाळ्यांनी तेच दुखणं का?

कोकणातल्या जुन्या घराची माडी दुरुस्त करून घेतलेल्यांची तक्रार ठरलेली असते. फळ्या घासल्या, फटींत लांबी (पुट्टी) भरली, झकास पॉलिश मारलं, दोन पावसाळे बरे गेले, आणि मग परत करकर, परत फटी, कोपऱ्यातून परत लाकडाचं पीठ. मेस्त्रीला बोलावणं जातं, घासपेपर फिरतो, खिसा हलका होतो आणि दोन वर्षांनी गाडी मूळ पदावर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा मेस्त्रीचं काम चांगलंच झालेलं असतं, पण चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या बाजूने. फळीची वरची बाजू दिसते म्हणून सगळा खर्च तिच्यावर होतो. दुखणं असतं खाली, तुळई जांभ्याच्या भिंतीत शिरते तिथे. आणि महिना म्हणाल तर चाकरमान्याला रजा मिळते गणपतीत. म्हणजे लाकूड पाण्याने तट्ट फुगलेलं असताना त्यावर पॉलिशचा थर चढतो. मग ते टिकणार कसं?

इथे जे लिहितोय ते मुख्यतः जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर आणि वर लाकडी माडी किंवा माळा असलेल्या घरांबद्दल. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यांत कडीपाटावर (आडव्या लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या) मातीचा आणि चुन्याचा थर असतो, त्याबद्दल शेवटी थोडं येईल. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींत तुळया सगळ्यांच्या सामाईक असतात. तिथे आपल्या खोलीपुरती फळी उचकटण्याआधी घरमालक आणि म्हाडाचं दुरुस्ती मंडळ यांच्याशी बोलावंच लागतं, तो विषय वेगळा.

पाहणी माजघरातून सुरू करा

माडीची पाहणी माडीवर चढून करायची नसते. माजघरात उभं राहून वर बघायचं. टॉर्च सरळ न धरता लाकडाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा, म्हणजे भेगा, फुगवटे, भोकं यांच्या सावल्या पडतात आणि एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. पहिल्यांदा प्रत्येक तुळईची दोन्ही टोकं बघा, मग फळ्यांची पाठ, सर्वात शेवटी मधला भाग.

एक जाड दाभण जवळ ठेवा. तुळईच्या अंगात ते जोराने खुपसायचं. धडधाकट सागात ते टोकापुरतंच रुततं आणि ओढून काढावं लागतं. सडलेल्या लाकडात बोटभर आत जातं आणि हाताला काहीच विरोध जाणवत नाही. वरून रंग शाबूत, आत भुसा, असं हमखास भिंतीपासून वीतभर अंतरावर सापडतं. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं तरी कळतं. खणखणीत आवाज आला तर पुढे चला, बद्द आला तर खडूने खूण करा.

लाकडातली ओल मोजायचं दोन टाचण्यांचं मीटर आता सहज मिळतं. घ्याच. पण त्याचा एकच आकडा बघून काही कळत नाही, तुलना करावी लागते. तुळईच्या मध्यावर १४ टक्के आणि भिंतीपाशी २६ आले, तर दोष हवेचा नाही, भिंतीचा आहे. सगळीकडे सारखेच १८ आले, तर घर बंद राहतंय आणि हवा खेळत नाहीये. २० टक्क्यांच्या खाली लाकूड सहसा सडत नाही. बुरशीला जम बसवायला २८-३० टक्क्यांच्या आसपास ओल लागते आणि ती नुसत्या दमट हवेने येत नाही. पाणी कुठून तरी प्रत्यक्ष पोचतंय असा त्याचा अर्थ.

ते कुठून पोचतंय हे उन्हाळ्यात कळणार नाही. जुलैत चांगला झोडपून पाऊस चालू असताना माळ्यावर चढून बसलं पाहिजे. वानरांनी सरकवलेली कौलं, दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ, आढ्याखालचा सांधा, ही नेहमीची ठिकाणं. थेंब पडतो तिथे फळीवर खडूने गोल काढा. पाणी वाशावरून घरंगळत चार-पाच फूट दुसरीकडे जाऊन पडतं, त्यामुळे थेंबाच्या बरोबर वरचं कौल बदलून भागत नाही, वासा वरपर्यंत हाताने चाचपत जावं लागतं. घर बंद असतं, त्या दिवसांत कोणी राहत नाही, ही खरी अडचण आहे. मग शेजारच्या माणसाला सांगा, पण खडू त्याच्या हातात देऊन सांगा. "गळतं का बघ" एवढंच सांगितलं तर उत्तर येतं "थोडं थोडं", आणि त्यावरून काहीही करता येत नाही.

फटी: भरायच्या की सोडून द्यायच्या?

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. सागासारखं गुणी लाकूडही याला अपवाद नाही. नऊ इंच रुंद फळीतली ओल पावसाळ्यातल्या १८ टक्क्यांवरून उन्हाळ्यात १२ वर आली, तर ती साधारण अडीच मिलिमीटर आकसते. ओंडक्याच्या मधोमध, गाभ्यातून काटकोनात चिरलेली फळी असेल तर एक मिलिमीटरच्या आसपास. फळीचं टोक बघितलं की कोणती ते कळतं: वाढीच्या रेषा आडव्या पसरलेल्या दिसल्या तर जास्त हलणारी, उभ्या दिसल्या तर शांत. दहा फुटी खोलीत अशा तेरा फळ्या बसतात. सगळ्या आडव्या रेषांच्या असतील तर वर्षभरात तीनएक सेंटिमीटरचा फरक कुठे ना कुठे दिसणारच.

आता मे महिन्यात या फटी दिसतात, घरात सगळे जमलेले असतात, कोणीतरी म्हणतं "बुजवून टाकू". भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फटी गच्च भरल्या जातात. जूनमध्ये फळ्या परत फुगायला लागतात आणि त्यांना जागाच नसते. मग फळी मधून उचलली जाते, खिळा उपटला जातो किंवा कडेची फळी भिंतीचा गिलावा ढकलते. फुगणं संपल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात, भरलेला मसाला सुटून खालच्या माजघरात पडतो. ही लांबी दर दोन वर्षांनी निघते ती याचमुळे, मसाला कमी-जास्त झाल्यामुळे नव्हे.

दोन-तीन मिलिमीटरच्या फटी तशाच ठेवा, त्या फळ्यांच्या हक्काच्या आहेत. केर पडतो म्हणून त्रास होत असेल तर फटीखाली, माजघराच्या बाजूने, पातळ सागाची पट्टी मारा. ती एकाच फळीला ठोकायची, दोन्हींना नाही, म्हणजे दुसरी फळी मोकळी सरकते. सहा-सात मिलिमीटरच्या वरची फट असेल तर सागाची बारीक चीप रंध्याने पाचरीसारखी निमुळती करून, एकाच बाजूला गोंद लावून बसवा. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करावं, तेव्हा फळी ना पुरती फुगलेली असते ना पुरती आकसलेली. भिंतीलगत मात्र चारही बाजूंनी बोटभर जागा मोकळी सोडा आणि ती पट्टीखाली झाकून टाका. पूर्वीचे सुतार हे सोडतच होते. नंतरच्या गिलाव्याच्या कामात सिमेंटने ती जागा बुजवली गेली असेल, तर छिन्नीने आधी ती मोकळी करा. काही घरांत एवढ्यानेच फुगवटा बसतो.

फळी मधून पन्हळीसारखी खोल झाली असेल आणि कडा वर आल्या असतील, तर समजा की तिच्या पाठीला ओल जास्त आहे. अशी फळी घासून सपाट करायचा मोह टाळा. पाठ सुकली की ती परत सरळ होते आणि मग घासलेल्या कडा खाली जाऊन मधला भाग उंच दिसतो.

करकर

सर्वात जास्त चौकशी हिची होते आणि सर्वात कमी काळजीची गोष्टही हीच. फळी खिळ्यावर वर-खाली होते किंवा शेजारच्या फळीला घासते, एवढंच. एकाने वर चालायचं, दुसऱ्याने खाली उभं राहून फळीला बोट लावायचं. कुठे हलते ते लगेच सापडतं.

तुळई आणि फळीच्या मध्ये फट असेल तर खालून सागाची पातळ पाचर, गोंद लावून, हाताने दाबून बसवा. हातोडीने ठोकलीत तर फळी उचलली जाऊन नवीन करकर दुसरीकडे सुरू होईल. खिळा सैल असेल तर त्याच भोकात मोठा खिळा ठोकू नका, जुनं लाकूड चिरतं. बाजूला ड्रिलने आधी भोक पाडून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लावा. रुंद फळीला प्रत्येक तुळईवर दोनच स्क्रू, कडेपासून फळीच्या साधारण एक चतुर्थांश रुंदीवर. कडेला स्क्रू मारून फळी दोन्हीकडून जखडली की ती आकसताना मधोमध तडकते. फळी फळीला घासत असेल तर शंखजिऱ्याची पूड फटीत झटकून टाका. रॉकेल, तेल किंवा डब्ल्यूडी-४० सारखा गंज सोडवायचा स्प्रे फवारू नका, धूळ धरते आणि पुढे तिथे कोणतंच पॉलिश धरत नाही.

करकरीबरोबर चालताना सगळी खोली हलत असेल, भांडी वाजत असतील, तर मात्र प्रश्न तुळईचा आहे. दोन टोकांना खिळे मारून तुळईच्या खालच्या कडेला सूत ताणून बांधा. बारा फुटी तुळई सुतापासून दीड सेंटिमीटरहून जास्त लवली असेल, तर मोजमाप लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी परत मोजा. शंभर वर्षांची तुळई लवलेली असणं साहजिक आहे. ती अजून लवतेय का, एवढंच बघायचं. लवत असेल तर सुतारापुरतं ते काम राहत नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

पीठ, दाणे, मातीच्या रेषा

"कीड लागली" म्हणून सरसकट फवारणी होते आणि म्हणूनच ती परत लागते. कीड तीन-चार जातींची असते आणि प्रत्येकीचा इलाज निराळा.

संशयाच्या जागेखाली काळा कागद पसरून चार दिवस ठेवा. मैद्यासारखी मऊ पूड पडली आणि फळीला एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असली, तर तो पोखरणारा भुंगेरा. तो लाकडातला पिष्ट खातो, म्हणून सागाच्या कडेच्या पांढुरक्या भागात आणि आंब्याच्या फळ्यांत सापडतो. सागाचा तपकिरी गाभा तो सहसा सोडून देतो. कागदावर खसखशीसारखे टणक दाणे पडले तर ती लाकडातच राहणारी कोरडी वाळवी. पूड, दाणे काहीच नाही, पण भिंतीवरून मातीच्या रेषा वर चढल्यात आणि दाभणाने फळी आतून पोकळ लागते, तर ती जमिनीतून येणारी वाळवी. वाशांना करंगळीएवढी मोठी गोल भोकं दिसली तर ती काळ्या भुंग्याची. तो लाकूड खात नाही, घरटं करतो. पाऊस सुरू होण्याआधी भोक रिकामं आहे ना बघून लाकडी खुंटी मारून बंद करा, झालं.

जमिनीतली वाळवी माडीवर फवारून जात नाही. तिचा मुक्काम जोत्याखाली असतो, वर ती फक्त जेवायला येते. तिला खालीच अडवावं लागतं. बांधून झालेल्या घरांसाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे. भिंत आणि जमीन मिळतात तिथे साधारण दर ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक पाडून औषध सोडायचं, ही त्यातली पद्धत. परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच हे करून घ्या आणि तो आला की पहिल्यांदा त्याला विहीर दाखवा. जांभा सच्छिद्र असतो, जोत्यात सोडलेलं औषध पावसात विहिरीकडे जाऊ शकतं. विहीर अगदी जवळ असेल तर त्या बाजूला औषध सोडण्यापेक्षा भिंतीला टेकलेली लाकडं, नारळाच्या झावळ्या (चोडी) आणि सोलपटं (सोडणं), जुने वासे आधी हलवा. पडवीत भिंतीला लावून ठेवलेला सरपणाचा ढीग म्हणजे वाळवीला दिलेलं आवतणच.

भुंगेऱ्यासाठी आणि कोरड्या वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड चांगलं काम करतं. तीन भाग बोरॅक्स, दोन भाग बोरिक ॲसिड, गरम पाण्यात साधारण दहा टक्क्यांचं द्रावण. जुनं पॉलिश पूर्ण निघालेल्या कोऱ्या लाकडावर, पाठ आणि टोकांसकट, दोन-तीन हात. पॉलिशवरून मारलं तर वाहून जातं, आत शिरत नाही. हे पाण्यात विरघळणारं आहे, त्यामुळे गळतं छप्पर नीट न करता मारलं तर पहिल्या पावसात धुपून जाईल. मुलं, मांजरं यांना द्रावणापासून लांब ठेवा. जुने लोक मोरचूद लावत, पण तो लोखंडी खिळे खातो. रॉकेल-डिझेलचा हात मारण्याची पद्धत तर बंदच करावी. वास, आगीची भीती, आणि उपयोग चार महिने.

एक गोष्ट हल्लीच्या घरांत वेगळी झालीय. माजघराशेजारी चूल होती तेव्हा तिचा धूर रोज माळ्यावर फिरायचा. लाकूड काळं पडायचं, पण कोरडं राहायचं आणि किडीला ते मानवायचं नाही. गॅस आला, मग माणसं मुंबईला गेली, आणि माडीला वर्षातून दहा महिने कुलूप. तीच फळी, तेच लाकूड, पण आता त्याच्या वाट्याला धूरही नाही आणि वाराही नाही. चूल परत पेटवा असं मी म्हणत नाही. माडीच्या समोरासमोरच्या दोन खिडक्यांना बारीक जाळी लावून त्या पावसाळ्यातही उघड्या राहतील अशी वर पडवीसारखी झड (भिंतीबाहेर आलेलं छोटं छप्पर) बांधा. बंद काचांपेक्षा ते कितीतरी बरं.

तुळईचं टोक

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. फळ्या बदलता येतात, तुळई बदलणं म्हणजे अर्धं घर उतरवणं.

जांभा पाणी पितो. जुन्या भिंतींना चुन्याचा किंवा मातीचा गिलावा होता, तो ओल आत घ्यायचा तशी बाहेरही सोडायचा. नंतर "पक्कं काम" म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. त्याला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत जातं, पण सिमेंटमुळे परत बाहेर निघत नाही. ते भिंतीतच राहतं आणि त्या ओल्या भिंतीत तुळईचं टोक नऊ-दहा इंच गाडलेलं असतं. त्यात टोक म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं, ते बाजूपेक्षा कितीतरी पटीने पाणी ओढतं. किनाऱ्याजवळच्या आपल्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पश्चिमेच्या भिंतीवर झोड. म्हणूनच पश्चिमेकडची टोकं आधी जातात. वेळ कमी असेल तर फक्त तीच बघा.

टोकाभोवतीचा गिलावा हलक्या हाताने काढा. तुळईच्या दोन्ही बाजूंना आणि टोकामागे दीड-दोन सेंटिमीटर पोकळी असली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती सिमेंटने लिंपलेली सापडते. ती मोकळी केली, आतला भुसा ब्रशने काढला आणि एक पूर्ण उन्हाळा तशीच उघडी ठेवली, तर मीटरचा आकडा खाली येताना दिसतो. तो २० च्या खाली आल्यावरच पुढचं काम. टोकाला बोरॅक्सचं द्रावण भरपूर पाजा, वाळू द्या. तुळई जांभ्यावर थेट टेकली असेल तर खाली काळ्या दगडाची किंवा जुन्या सागाची बैठक सरकवा. टोकाला प्लास्टिक गुंडाळू नका. हा उपाय सुचवणारे भेटतील, पण आत शिरलेली ओल त्यात अडकते आणि सड दुप्पट वेगाने होते. बाहेरच्या बाजूने भिंतीचं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करणं हा खरा इलाज. खर्चिक आहे, म्हणून निदान तुळयांच्या रांगेपुरता पट्टा तरी करा. वळचण कमी पडत असेल तर पत्र्याची का होईना, फूट-दीड फूट झड वाढवा.

टोक गेलंच असेल तर किती गेलंय ते दाभणाने मागे मागे जाऊन ठरवा. एक-दोन इंचच गेलं असेल आणि बाकी टेका शाबूत असेल तर सडका भाग पटाशीने काढून तसंच सोडता येतं. जास्त गेलं असेल तर खालून टेकू देऊन, सडका भाग कापून, तिरका छेद घेऊन त्याच जातीचा सुका तुकडा नटबोल्टने जोडायचा, किंवा दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनेल लावून ते भिंतीत न्यायचं. भिंतीला लागून नवा खांब उभा करणं हा सर्वात साधा आणि माझ्या मते सर्वात विश्वासाचा मार्ग. माजघर थोडं अडतं, पण तुळईला भिंतीची गरजच उरत नाही. टेकू कोणत्या क्रमाने द्यायचे आणि काढायचे हे जाणत्या मेस्त्रीकडून किंवा इंजिनियरकडूनच करून घ्या.

घासणं

जुन्या फळ्या आऱ्याने कापलेल्या आणि पाठीमागे हाताने तासलेल्या असतात, जाडी सगळीकडे सारखी नसते. मोठं सँडिंग मशीन फिरवून सगळं एका पातळीत आणायला गेलं की काही फळ्या पाऊण इंचावर येतात. एवढं नको. शंभर वर्षांच्या पावलांनी झालेला उतार दारापाशी थोडा राहिला तर काय बिघडलं?

खिळ्यांची डोकी आधी आत बसवा, नाहीतर कागद फाटतो आणि मशीनला ठिणग्या उडतात. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी मारून पटाशी किंवा खरवडणीने काढा आणि भुगा गोळा करून वेगळा टाका. त्यानंतर ६० नंबरचा घासपेपर, मग ८०, मग १२०. तेल लावायचं असेल तर १२० वर थांबा, त्याच्या पुढे गुळगुळीत केलं की तेल शिरत नाही. सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो, मास्क लावाच. खिळ्यांभोवतीचे काळे डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांची शाई. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी हातमोजे घालून लावा, डाग गेला की दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा. विषारी आहे, डबा झाकून ठेवा.

तेल की पॉलिश?

मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश दुकानात सुंदर दिसतं आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये टिकतंही. माडीवर मात्र वरचा पृष्ठभाग बंद आणि पाठ उघडी, अशी स्थिती होते. ओल पाठीने आत शिरते, वरून निघू शकत नाही, आणि पॉलिशचा पापुद्रा उचलला जातो. करायचंच असेल तर पाठही करा, खालून हात पोचतोच.

माझा कौल तेलाला. डबल बॉइल्ड जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये निम्मं पातळ करून पहिला हात, अर्ध्या तासाने राहिलेलं पुसून घ्यायचं, दोन-तीन दिवसांनी दुसरा हात कमी पातळ. पुसलं नाही तर चिकट राहतं आणि सगळी धूळ धरतं. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा. सिंधुदुर्गात काजूच्या टरफलाचं डिंबेल होड्यांना आणि वाशांना लावतात. ते कीड रोखतं, पण कातडीवर फोड आणतं आणि पायाखालच्या फळीला नकोच. तुळयांची टोकं, फळ्यांच्या पाठी यांना ठीक आहे, पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये.

आणि महिना? मार्च-एप्रिल. मीटरवर १२-१४ दिसल्याशिवाय डबा उघडू नका. गणपतीत कोणी ब्रश हातात घेतला तर तो काढून घ्या.

फळी बदलायची झाली तर

नवीन सागापेक्षा उतरवलेल्या घराची जुनी फळी शोधा, ती पुरती सुकलेली असते. परसातला साग किंवा फणस तोडायचा विचार असेल तर १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, आणि ओली फळी किमान वर्षभर सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून सुकवावी लागते. इंचभर जाडीला वर्ष, हा सुतारांचा जुना हिशेब वाईट नाही. बसवण्याआधी पंधरा दिवस ती त्याच माडीवर पडू द्या. फळीतला पांढुरका भाग कापून टाका, रुंदी कमी झाली तरी चालेल.

वरून लादी टाकली तर?

हा प्रश्न हटकून येतो. नको. दोन इंच सिमेंट काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला १२० किलो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर सव्वा टनाहून जास्त बोजा चढतो, लादी वेगळीच. शिवाय खालच्या फळ्या कायमच्या झाकल्या जातात, वाळवी कुठवर पोचली ते छत खाली येईपर्यंत कळत नाही. व्हिनाइलची शीट हलकी असते, पण ओल अडवण्यात तिचा सिमेंटपेक्षा वेगळा स्वभाव नाही.

वाड्याच्या कडीपाटावर मूळचा माती-चुन्याचा थर असतो, त्यावर कोणीतरी नंतर कोबा आणि फरशी टाकलेली सापडते. ती काढायची असेल तर ब्रेकर मशीन लावू देऊ नका, कंपनाने कड्या भिंतीतून सरकतात. खालून प्रत्येक कडीला टेकू द्या, मधल्या भागापासून सुरुवात करून छिन्नी-हातोड्याने दोन-दोन फुटांचे तुकडे काढा, आणि राडारोडा त्याच खोलीत साठवू नका, घमेल्यागणिक खाली न्या.